वाचकांचे प्रश्न : गॅसच्या भट्टीला आतून लेप कोणता द्यावा?

घरच्या घरी लोहारकाम करू पाहणाऱ्या वाचकांकडून भट्टीच्या अस्तराविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी उष्णता-परावर्तक लेपाशी संबंधित प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : शेतीची अवजारे दुरुस्त करण्यासाठी आणि हौस म्हणून सुऱ्या घडवण्यासाठी मी २५ सेंमी व्यासाच्या पोलादी नळकांड्यात गॅसची भट्टी तयार केली आहे. आत २५ मिमी जाडीच्या सिरॅमिक ब्लँकेटचे (सिरॅमिक धाग्यांच्या मऊ, उष्णतारोधक चादरीचे) दोन थर आहेत. त्यामुळे आतली पोकळी १५ सेंमी व्यासाची आणि ३० सेंमी लांबीची उरली आहे. परदेशातील कारागीर ब्लँकेटवर उष्णता परावर्तित करणारा लेप देतात, असे वाचनात आले. पण त्याचा छोटा डबा मागवायचा तर माझ्या सगळ्या भट्टीहून अधिक खर्च येतो. गावातील रंगाच्या दुकानदाराच्या मते गच्चीवर लावायचा पांढरा उष्णतारोधक रंगही तेच काम करतो. लेपामुळे गॅस खरोखर वाचतो का, आणि मी काय लावावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : गच्चीच्या रंगाचे आधी सांगतो, कारण तो मोह स्वस्त आहे. हा रंग अ‍ॅक्रिलिकसारख्या सेंद्रिय द्रव्याने बांधलेला असतो. दोन-तीनशे अंशांपुढे ते द्रव्य जळू लागते, घुसमटवणारा धूर होतो आणि मागे उरलेली भुकटी ज्वालेच्या झोताने उडून जाते. चंदेरी रंगाचीही तीच गत आहे. त्यातील अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि आपली भट्टी ११०० ते १२५० अंशांवर चालते. तेव्हा दोन्ही डबे दुकानातच राहू द्यावेत.

दुकानदाराच्या सल्ल्यामागे जो गैरसमज आहे, तो मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण महागड्या डब्याचा निर्णयही त्यावरच अवलंबून आहे. गच्चीवर पडणारे ऊन सुमारे साडेपाच हजार अंश तापमानाच्या सूर्यपृष्ठाकडून आलेले असते. त्यातील बहुतेक ऊर्जा दृश्य प्रकाशात आणि त्याला लागून असलेल्या अवरक्त पट्ट्यात असते, म्हणून डोळ्याला पांढरा दिसणारा रंग ती परतवू शकतो. १२०० अंशांना तापलेल्या भट्टीच्या भिंतीतून निघणाऱ्या किरणांचा जोर मात्र सुमारे २ मायक्रोमीटर तरंगलांबीवर असतो आणि तिथून पुढे त्यांचे लांब शेपूट पसरलेले असते. तो पट्टा आपल्या डोळ्याला दिसतच नाही. त्यामुळे ‘पांढरे ते परावर्तक’ हा डोळ्याचा निवाडा तिथे चालत नाही. बर्फ नजरेला शुभ्र दिसतो, पण १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या उष्णता-किरणांसाठी तो जवळजवळ काळा असतो. गच्चीचा पांढरा रंगही त्या पट्ट्यात असाच काळा ठरतो, आणि रात्री गच्ची लवकर निवते ती त्यामुळेच.

भट्टीच्या परावर्तक लेपांत प्रामुख्याने झिरकोनिया, झिरकॉन किंवा अ‍ॅल्युमिना यांसारखी पांढरी ऑक्साइडे व सिलिकेटे असतात. ही द्रव्ये २ मायक्रोमीटरच्या आसपास बऱ्यापैकी परावर्तन करतात, पण ४-५ मायक्रोमीटरच्या पलीकडे तीही किरण शोषू लागतात. म्हणजे ‘परावर्तक’ हे नाव अगदीच खोटे नाही. प्रश्न आहे तो त्या परावर्तनाने भट्टीत कितपत फरक पडतो, याचा.

किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. एखादा पृष्ठभाग ज्या तरंगलांबीचे किरण जितक्या प्रमाणात शोषतो, तितक्याच प्रमाणात तो त्या तरंगलांबीचे किरण स्वतः बाहेरही टाकतो. परावर्तन वाढवले की उत्सर्जन आपोआप कमी होते. आता आपल्या भट्टीची भिंत पाहा. तिच्या पाठीमागे जाड ब्लँकेट असल्यामुळे तिच्यावर पडलेल्या ऊर्जेला मागे जायला जवळजवळ वाट नाही. ती एक तर लगेच परावर्तित होईल किंवा भिंत तापवून पुन्हा आतच फेकली जाईल. दोन्ही वाटांची बेरीज सारखीच येते. भट्टी पुरती तापली की आतल्या विटेची कड आणि तिच्यावर ठेवलेले लोखंड वेगळे ओळखू येत नाही, सगळे एकाच रंगाने धगधगते, हा अनुभव आपण घेतला असेलच. बंद आणि सारख्या तापलेल्या पोकळीत भिंत कोणत्या द्रव्याची आहे याला फारसे महत्त्व उरत नाही, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा आहे.

गंमत अशी की, बाजारात याच्या नेमक्या उलट तत्त्वाचे लेपही मिळतात. सिलिकॉन कार्बाइडसारख्या गडद द्रव्यांचे हे लेप उत्सर्जकता वाढवतात, आणि मोठ्या औद्योगिक भट्ट्यांत ते वापरण्यामागे कारणही आहे. जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड आणि वाफ ही ठरावीक पट्ट्यांतच, उदाहरणार्थ २.७ आणि ४.३ मायक्रोमीटरच्या आसपास, किरण टाकतात आणि त्याच पट्ट्यांतील किरण शोषूनही घेतात. गडद भिंत ही ऊर्जा शोषून सर्व तरंगलांबींवर वाटून परत फेकते. मग तिच्यातील बराचसा भाग वायूला अडून न राहता थेट मालापर्यंत पोहोचतो. भट्टी जितकी मोठी आणि वायूचा थर जितका जाड, तितका हा फायदा अधिक. वीतभर रुंदीच्या पोकळीत तो किरकोळ ठरतो. एक लेप परावर्तन वाढवतो म्हणून विकला जातो, दुसरा उत्सर्जन वाढवतो म्हणून, आणि दोन्हींची गिऱ्हाइके गॅस वाचल्याचे सांगतात, यातच काय ते आले. बहुधा लेप देताना माणूस बर्नरही नीट बसवतो आणि तोंडाशी दोन विटाही रचतो. श्रेय तेवढे लेपाला मिळते.

आता आपल्याच भट्टीचा ढोबळ हिशेब करू. ५० मिमी ब्लँकेटमधून १२०० अंशांना झिरपणारी उष्णता आपल्या मापाच्या पोकळीसाठी पाऊण किलोवॉटच्या आसपास येते. त्याच तापमानाला पूर्ण तापलेल्या पोकळीच्या उघड्या तोंडातून दर चौरस मीटरला सुमारे २६७ किलोवॉट किरण बाहेर पडतात. म्हणजे १० सेंमी लांब व १० सेंमी रुंद तोंड उघडे ठेवले तर एकट्या त्यातून सुमारे पावणेतीन किलोवॉट निसटतात. एलपीजीच्या एका किलोत साधारण ४६ मेगाजूल ऊर्जा असते, हे धरल्यास त्या तोंडापायी तासाला २०० ग्रॅमहून अधिक गॅसची ऊर्जा वाया जाते. याशिवाय १२०० अंशांवर बाहेर जाणारा जळका वायू गॅसच्या एकूण उष्णतेचा निम्म्याहून मोठा वाटा सोबत नेतो, तो निराळाच. लेपाने भिंतीतील झिरपण थोडी कमी झाली असे मानले, तरी ती पाऊण किलोवॉटमधील बचत आहे. तोंडाशी सरकवता येणाऱ्या दोन उष्णतारोधक विटा ठेवून फट कामापुरती ठेवली, तर त्याच्या कितीतरी पट बचत होते आणि खर्च दोन विटांचा येतो.

मग लेप देऊच नये का? अवश्य द्यावा, पण कशासाठी ते ओळखून द्यावा. चुलीला पोतेरे दिले जाई ते सरपण वाचवण्यासाठी नव्हे. चुलीची माती सुटू नये, भेगा बुजाव्यात आणि उतू गेलेले आत मुरू नये, यासाठी ते असे. भट्टीचा लेप हे तसे पोतेरेच आहे. उघडे ब्लँकेट मऊ असते. सळईचे टोक लागले की फाटते, ज्वालेच्या झोताने त्याचे बारीक धागे सुटतात. ‘१२६० अंश’ असा शिक्का असलेले ब्लँकेट त्या तापमानावर सतत चालवण्यासाठी नसते. त्याहून शंभरेक अंश खालीच त्याचे आयुष्य चांगले राहते. वरच्या तापमानावर ते आकसते, ठिसूळ होते आणि त्यातील काचेसारखे धागे हळूहळू स्फटिकरूप घेतात. त्यावर घट्ट कवच असले की या तिन्ही गोष्टी लांबतात.

आपण क्रम असा ठेवावा. प्रथम ब्लँकेटवर कोलॉइडल सिलिका, म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेले पाणी, फवारावी. तिच्यात खाण्याच्या रंगाचा थेंब टाकला तर ती किती खोल मुरली ते दिसते. मंद ज्वालेवर ती वाळवली की ब्लँकेट पुठ्ठ्यासारखे ताठ होते. त्यावर उच्च अ‍ॅल्युमिनाच्या कास्टेबलचा (पाण्यात कालवून थापायच्या अग्निरोधक काँक्रीटचा) १० ते १२ मिमीचा थर द्यावा आणि सर्वांत शेवटी झिरकॉनचा पातळ लेप. कास्टेबलच्या थराची किंमत मात्र आपण प्रत्येक वेळी भट्टी पेटवताना मोजणार आहात. आपल्या पोकळीत हा थर साडेतीन-पावणेचार किलो भरेल आणि तो १२०० अंशांपर्यंत नेण्यासाठी, जळक्या वायूबरोबर जाणारी उष्णता धरून, पाव किलोच्या आसपास गॅस लागेल. सकाळी पेटवून दुपारपर्यंत काम करणाऱ्याला हे जाणवणार नाही, उलट थंड सळई आत घातली तरी भट्टी दबत नाही, हा लाभच आहे. पण जो पंधरा मिनिटांत एक विळा तापवून भट्टी बंद करणार आहे, त्याने कास्टेबल फक्त तळाला द्यावे आणि बाकी भिंतीला ताठ केलेल्या ब्लँकेटवर झिरकॉनच्या लेपावर भागवावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : झिरकॉनचा लेप भारतात तयार मिळतो का? घरी करता येतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ज्या भागात राहता तिथे तर तो शोधावाही लागू नये. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव परिसरातील ओतशाळांत साच्यांना आणि कोअरला (ओतीव वस्तूत पोकळी राखणाऱ्या साच्यातील गाभ्याला) झिरकॉनचा लेप देतात, कारण वितळलेली धातू झिरकॉनला सहसा चिकटत नाही. त्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत झिरकॉनची मैद्यासारखी बारीक पावडर मिळते. ती मुळात आपल्याच किनाऱ्यांची आहे. केरळातील चवरा, तमिळनाडूतील मनवलकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथे केंद्र सरकारची आयआरईएल ही कंपनी समुद्रकाठच्या वाळूतून इल्मेनाइट आणि मोनाझाइट या खनिजांबरोबर झिरकॉनही वेगळे करते. विकत घेताना पाण्यात कालवायची पावडर मागावी. ओतशाळांत स्पिरिटमध्ये कालवलेला लेपही वापरतात आणि तो लावल्यावर काडी लावून पेटवून सुकवतात. बंद तोंडाच्या नळकांड्यात तो प्रयोग करण्याचे धाडस कोणी करू नये.

प्रमाण वजनाने धरावे. झिरकॉन ९५ ते ९७ भाग आणि बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) ३ ते ५ भाग कोरडेच नीट मिसळावेत आणि मग थोडे थोडे पाणी घालत दाट ताकासारखे करावे. बेंटोनाइट फुगायला वेळ घेते, म्हणून मिश्रण रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा घोटावे. झिरकॉन जड असल्याने ते सारखे तळाला बसते. प्रत्येक वेळी कुंचला बुडवण्यापूर्वी तळापासून ढवळले नाही, तर वरचे नुसते मातीचे पाणी भिंतीला लागते आणि कारागीर झिरकॉनला दोष देतो. पाण्याच्या जागी कोलॉइडल सिलिका वापरल्यास लेप अधिक कणखर होतो, मात्र तो लवकर घट्ट होतो म्हणून लागेल तेवढाच कालवावा. पावडर हाताळताना बारीक धूळ गाळणारा मास्क आवश्यक आहे. झिरकॉनमध्ये युरेनियम-थोरियमचे अत्यल्प अंश असतात. डबा घरात असण्याने काही बिघडत नाही, धूळ फुप्फुसात जाता कामा नये इतकेच.

प्रश्न : मी अशाच प्रकारचा लेप दिला, पण दुसऱ्या पेटवणीतच त्याचे पापुद्रे सुटून पडले. लेप निकृष्ट होता का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लेपाचा दर्जा न पाहता सांगणे कठीण आहे, तरी अशा दहा तक्रारींत नऊ वेळा दोष लावण्याच्या पद्धतीत सापडतो. माझ्या पहिल्या भट्टीत मीही हेच केले होते, आणि कारण होते केवळ घाई. कोरड्या ब्लँकेटवर किंवा कास्टेबलवर लेप फासला की खालचा थर त्यातील पाणी क्षणात शोषून घेतो आणि वर चिकटण्याऐवजी सुकी साय राहते. म्हणून आधी पृष्ठभाग पाण्याने ओला करावा, ओथंबेल इतका मात्र नव्हे. लेप एका हातात जाड देऊ नये. एकेक मिलिमीटरहून पातळ असे दोन हात द्यावेत आणि पहिला सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये. जाड थर वरून तापतो, खालून थंड राहतो, आणि त्या ओढाताणीत सुटतो.

पेटवणीची शिस्त त्याहून महत्त्वाची आहे. कास्टेबल थापल्यावर ते ओल्या फडक्याखाली किंवा प्लॅस्टिकखाली निदान २४ तास ठेवावे, कारण त्यातील सिमेंट पाण्याशी संयोग पावूनच घट्ट होते. उन्हात वाळत घातले तर ते नुसते सुकते, पक्के होत नाही. कालवताना पाण्याचे प्रमाण पिशवीवर दिल्याप्रमाणेच ठेवावे. मुठीत दाबलेला गोळा आकार धरून राहिला पाहिजे, बोटांतून गळता कामा नये. मग दोन-चार दिवस सावलीत वाळू द्यावे. त्यानंतर १०० वॅटचा जुन्या धाटणीचा तारेचा दिवा रात्रभर आत पेटता ठेवावा. पहिल्या दिवशी गॅस अगदी मंद लावून काही मिनिटांनी बंद करावा, भट्टी निवू द्यावी आणि दर खेपेला मुदत थोडी वाढवत न्यावी. थंडगार आरसा किंवा स्टीलचे ताट तोंडाशी धरल्यावर त्यावर बाष्प जमत असेल, तर अस्तरात अद्याप ओल आहे असे समजावे. मात्र गॅस बंद असतानाच ही परीक्षा घ्यावी, कारण ज्वालेतूनही वाफ निघतेच. आत कोंडलेली वाफ एकदम फुटली तर लेपच काय, कास्टेबलचा तुकडाही उडून अंगावर येतो.

प्रश्न : पोलादाचे पदर जोडताना टाकणखार वापरतो. तो जिथे सांडतो तिथे ब्लँकेटला खड्डे पडतात. परावर्तक लेपाने हे थांबेल का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : टाकणखार लोखंडावरील कीट विरघळवतो, म्हणूनच तो जोडकामात वापरतात, आणि ज्या गुणाने तो कीट विरघळवतो त्याच गुणाने तो ब्लँकेटमधील सिलिकाही खातो. साखरेच्या कापसावर पाण्याचा थेंब पडावा, तसे ते दिसते. झिरकॉनचा लेप याला चांगला प्रतिकार करतो, पण तो पातळ असतो आणि एक बारीक भेग पुरेशी होते. भेगेतून शिरलेला रस आतल्या आत पसरतो आणि वरचा लेप शाबूत दिसत असताना खाली पोकळी झालेली असते. तेव्हा लेपाच्या भरवशावर राहू नये. तळाला उच्च अ‍ॅल्युमिनाची पातळ वीट किंवा कुंभारकामाच्या भट्टीतील फळीचा तुकडा सुटा ठेवावा, त्यावर झिरकॉनचा लेप द्यावा आणि खराब झाला की तो तुकडा बदलावा. टाकणखारही बेताने भुरभुरावा. तो आधी तव्यावर फुलवून, म्हणजे त्यातील पाणी घालवून, कुटून ठेवला तर उसळत नाही आणि कमी सांडतो.

प्रश्न : प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि वाळू समप्रमाणात मिसळून स्वस्त अस्तर होते, असे एकाने सांगितले. त्यावर लेप दिला तर चालेल का? जुने ब्लँकेट काढताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : अ‍ॅल्युमिनियम वितळवण्याच्या छोट्या भट्टीत ते मिश्रण काही दिवस तग धरते, लोहारकामाच्या तापमानाला नाही. प्लॅस्टर हे मुळात कॅल्शियम सल्फेट. १२०० अंशांच्या जवळपास ते विघटन पावू लागते, सोबत वाळू असेल तर त्याहूनही आधी, आणि गंधकाचा तिखट वायू बाहेर पडतो. पायाच खचत असेल तर वरचा लेप कितीही उत्तम असून उपयोग नाही.

जुन्या ब्लँकेटविषयी आपण विचारले हे बरे झाले, कारण नव्यापेक्षा जुने अधिक घातक असते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने सिरॅमिक धागे संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात ठेवले आहेत. आणि जास्त तापलेल्या ब्लँकेटमध्ये क्रिस्टोबलाइट हे स्फटिकी सिलिका तयार होते, ज्याची श्वासातून जाणारी धूळ निश्चित कर्करोगकारकांच्या गटात मोडते. भट्टी पूर्ण थंड झाल्यावर अस्तरावर पाणी फवारून ते ओले करावे, कोरडे कधीही खरवडू नये. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, घराबाहेर, शक्यतो तुकडे न करता ते काढावे आणि दुहेरी पिशवीत बांधून टाकावे. झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी आणि तो सदरा घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा.